राखणदारीची विद्या



पेडण्याच्या या शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल प्रथम ऋण व्यक्त करतो. विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी तो दोनदा विचारून घेतला. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने संगणकांच्या जाळ्याच्या सुरक्षेवर काय बोलावे, असा त्यांचा प्रश्न असावा, आणि तो रास्तच होता. परंतु माझा विषय यंत्र हा नाही. निरोप पाठवणारा, तो वाहून नेणारा, तो घेणारा आणि मधल्या वाटेवर टपून बसलेला, या चौघांचा हा विषय आहे. हे चौघे संगणकापूर्वी फार वर्षे या भूमीत वावरत होते. आज आपल्या गावची मुले महाविद्यालयात जाऊन या विद्येचे प्रगत प्रमाणपत्र घेतात. त्या विद्येची आपल्याकडील वंशावळ मांडावी, एवढाच आजचा हेतू आहे.

आपल्या पेडणे-डिचोलीच्या वेशीवर राखणदार असतो. कोणी त्याला देवचार म्हणतो. घरातील माणसाने बाहेरून येताना त्याची आठवण ठेवावी आणि परक्याने त्याला विचारून आत पाऊल टाकावे, अशी समजूत. माझ्या नात्यातील एक मुलगी डिचोली तालुक्यातील. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर ती या अभ्यासक्रमास बसली. 'फायरवॉल' म्हणजे काय, हे तिने आपल्या आजीला राखणदाराच्या नावाने समजावून सांगितले, आणि आजीला ते तत्काळ पटले. उपमा फार ताणू नये हे खरे. राखणदार माणसाची नियत ओळखतो, यंत्र केवळ नियम ओळखते. तरीही वेस, पहारा, परवाना, ओळख, साक्ष, शिक्का हे सारे शब्द आपल्या भाषेत सिद्ध आहेत, आणि ते असण्याला इतिहास आहे.

गुप्त लेखन ही शिकण्याची गोष्ट आहे, हे भारतात फार पूर्वी मान्य झाले होते. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी दिली, तीत 'म्लेच्छितविकल्प' नावाची एक कला आहे. शब्द ओळखीचे असूनही अक्षरांच्या अदलाबदलीमुळे अर्थ लागू नये, असे लेखन करण्याची ही कला. यशोधराने जयमंगला टीकेत तिचे कौटिलीय, मूलदेवीय असे प्रकार सांगितले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या संस्थांनी आपसांत 'संज्ञालिपी'ने निरोप पाठवावेत असे विधान आहे. म्हणजे एकीकडे राज्यकारभार आणि दुसरीकडे नागरकाचे शिक्षण, अशा दोन्ही ठिकाणी ही विद्या अभ्यासक्रमात होती. आपल्या मराठीत करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द आजही जिवंत आहेत. बोटांनी वा डोळ्यांनी बोललेले इतरांना कळू नये, हा त्यांचा मूळ अर्थ.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला या संदर्भात सर्वप्रथम आठवतात ते महानुभाव. चक्रधरस्वामींच्या या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे, हे त्यांचे मुख्य तत्त्व. पंथाबाहेरच्या वाचकाला पोथी हाती घेऊनही काही बोध होत नसे. परिणाम असा झाला की 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतके मराठी जगाला अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी ही कोंडी फुटली. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत 'त' आणि 'र' पदोपदी भेटतात, 'ढ' आणि 'झ' शोधावे लागतात. अदलाबदल केलेल्या मजकुरातही हे प्रमाण तसेच राहते. नवव्या शतकात बगदादचा विद्वान अल्-किंदी याने हीच युक्ती अरबीच्या संदर्भात लिहून ठेवली होती.

महानुभावांच्या लिपीपासून मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगत आलो आहे. पद्धतच गुप्त ठेवली की ती एकदा उघडी पडताच सगळी पोथी उघडी पडते. ऑग्युस्त केर्कहोफ्स याने १८८३ साली युद्धशास्त्राच्या संदर्भात हेच मांडले. शत्रूला आपली संपूर्ण पद्धत ठाऊक आहे असे धरून चालावे, गुप्त ठेवावी ती केवळ किल्ली. आजचे सारे संगणकी सांकेतिक लेखन याच पायावर उभे आहे. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. पंथाने राखण इतकी कडेकोट केली की ज्यांच्या भाषेत ते ग्रंथ लिहिले होते, त्यांनाच ते मिळेनासे झाले. सुरक्षेच्या पाठ्यपुस्तकात गोपनीयतेबरोबर उपलब्धतेचेही नाव असते. हक्काच्या माणसाला हवे तेव्हा हवे ते मिळाले पाहिजे. ही बाजू शिकवताना महानुभावांचे उदाहरण मी अवश्य देईन. अर्थात पंथाला त्या काळी ज्या विरोधाला तोंड द्यावे लागले, तो ध्यानात घेतल्यावाचून त्यांना दोष देणे न्यायाचे होणार नाही.

आता दफ्तराकडे वळू. गुपित राखणे ही या विद्येची अर्धी बाजू झाली. कागद खरा आहे, मधल्या वाटेत कोणी त्यात भर घातलेली नाही आणि ज्याच्या नावे आहे त्याचाच आहे, हे सिद्ध करणे ही उरलेली अर्धी, आणि माझ्या मते अधिक अवघड. मराठी दफ्तराने या बाबतीत जी शिस्त उभारली, तिचे कौतुक आपण पुरेसे केलेले नाही. शिवछत्रपतींच्या पत्राच्या शिरोभागी मुद्रा असते आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' हा छोटा शिक्का. तो शोभेसाठी नाही. मजकूर येथे संपला, यापुढे जे दिसेल ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. कागदाच्या पट्ट्या एकीखाली एक चिकटवून लांब पत्र तयार होई. मधली एक पट्टी काढून दुसरी जोडणे कोणाही कारागिराला शक्य होते. म्हणून जोडावर मागच्या बाजूने शिक्का उमटवीत, अर्धा वरच्या पट्टीवर आणि अर्धा खालच्या. साल अंकांत न लिहिता 'सलास', 'अर्बा' अशा अरबी शब्दांत लिहीत. अंकाचा आकडा फिरवणे सोपे, शब्द फिरवणे कठीण. पाठीवर किंवा तळाशी 'रुजू' आणि 'बार' असे शेरे सापडतात. मोडी शिकणाऱ्या नवख्याला ते निरर्थक वाटतात. सुरनिसाने तपासले आणि नोंद दफ्तरात चढली, असा त्यांचा आशय आहे. एका कागदाची साक्ष दुसऱ्या ठिकाणची वही देत असे. आज ज्याला 'लॉग' म्हणतात, तो याहून निराळा नाही.

व्यापाऱ्यांनी तर याहून साधी आणि नामी युक्ती काढली होती. हुंडीत रक्कम एकदा लिहून थांबत नसत. रक्कम, मग तिची निमी, आणि त्या निम्मीची दुप्पट म्हणजे पूर्ण रक्कम, असा मजकूर असे. पाचशेचे पाच हजार करायचे तर तीन ठिकाणी मेळ बसवावा लागे. हुंडी गहाळ झाली तर 'पैठ' निघे, तीही हरवली तर 'परपैठ'. प्रत्येकीत आधीच्या कागदाचा उल्लेख असल्याने एकाच रकमेचे दोनदा पैसे निघत नसत. संगणकीय जाळ्यात मजकुराचा प्रत्येक तुकडा आपल्याबरोबर स्वतःच्या बेरजेची खूण घेऊन फिरतो आणि पोहोचल्यावर ती पडताळली जाते, असे मला समजावून सांगण्यात आले, तेव्हा मला प्रथम हुंडीच आठवली. लांबच्या पल्ल्यावर निरोप नेणाऱ्या जासुदांची जोडी पाठवण्याची मराठ्यांची रीत होती. एक पडला तरी दुसरा पोहोचावा. पेडण्याजवळच्या केरी गावचे जिवबादादा बक्षी उत्तरेत शिंद्यांच्या सेवेत मोठ्या पदाला चढले आणि १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणावर शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. उत्तरेतून पुण्याला येणारी शिंदेशाहीची पत्रे अशाच जासुदांच्या पायांवर चालत आली आहेत.

किल्ल्यांच्या व्यवस्थेबद्दल सभासदाच्या बखरीत एक माहिती येते. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे सारख्या दर्जाचे कारभारी नेमून त्यांनी एकत्र कारभार करावा, एकट्याच्या हाती गड राहू नये, अशी महाराजांची योजना होती. एकाच कारकुनाच्या हाती कुलूपही आणि किल्लीही देऊ नये, हे आजच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवतात.

परंतु महाराजांनाही एकदा सावध प्रतिपक्ष भेटला, आणि तो प्रसंग आपल्याच भूमीत घडला. १६६८ साली जुन्या गोव्याचे शहर तिसवाडीच्या बेटावर होते. बेटाच्या कडेने बाणस्तारी, दावजे, आगशी अशी प्रवेशाची ठिकाणे होती, त्यांना 'पासो' म्हणत. प्रत्येक पासोवर पहारा आणि कप्तान. नदी ओलांडून आत यायचे तर तेथूनच यावे लागे. इंग्रजांच्या वखारीच्या पत्रव्यवहारात नोंदलेली हकीकत अशी, की महाराजांनी चारपाचशे माणसे थोडी थोडी करून, वेगवेगळ्या मिषांनी गोव्यात पाठवली. संख्या दुप्पट झाली की एका रात्री उठून एखादा पासो हस्तगत करायचा आणि बाहेरच्या सैन्याला वाट करून द्यायची, असा बेत होता. तट फोडायचा नव्हता, दार आतून उघडायचे होते. व्हाइसरॉय काउंट ऑफ साँ व्हिसेंत याला संशय आला. त्याने शहरात कसून शोध घेतला, माणसे पकडली आणि महाराजांच्या वकिलाला बोलावून स्वतःच्या हाताने त्याच्या थोबाडीत मारल्या, असे ते पत्र सांगते. बेत फसला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवालयाच्या बांधकामास महाराजांच्या आज्ञेने प्रारंभ झाला. तो शिलालेख आजही तेथे आहे.

या प्रसंगाकडे इतिहासकार राजकारण म्हणून पाहतात. मी येथे तो वेगळ्या कारणासाठी सांगतो. आत शिरलेला प्रत्येक माणूस एकेकटा निरुपद्रवी होता. पासोवरच्या पहारेकऱ्याने प्रत्येकाला नियमाप्रमाणेच आत सोडले असेल. संशय आला तो एकूण गर्दीमुळे, नेहमीपेक्षा काही वेगळे दिसल्यामुळे. आजच्या राखणदाराला वेशीवरचा पहारा पुरत नाही, आतल्या हालचालीची नेहमीची लय ठाऊक असावी लागते, ती याचसाठी. त्या व्हाइसरॉयला आपले शहर नीट ठाऊक होते, हे शत्रू असला तरी मान्य करावे लागते.

पोर्तुगिजांचे मर्मस्थान मात्र दुसरीकडे होते. त्यांना मराठी पत्रे वाचता येत नसत. त्यासाठी त्यांनी दुभाष्याचे पद निर्माण केले. राज्याचा हा 'लिंग्वा' बहुधा गोव्याचा शेणवी असे. पुण्याच्या दरबारात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेणवी धुमे, विठ्ठलराव वालावलीकर असे गोमंतकीय पोर्तुगिजांचे वकील म्हणून वावरले. सत्तरीतील पिसुर्ल्याचे सुपुत्र डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पोर्तुगीज ग्रंथात या वकिलांचा पट उलगडला आहे. साम्राज्याचे गुपित परक्या लिपीत आणि परक्या जिभेवर अवलंबून होते. जो दुसऱ्याचे पत्र वाचू शकतो त्याच्याकडे सत्तेचा काही अंश जातोच.

पिसुर्लेकर १९३१ पासून ज्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते, त्याची स्थापना १५९५ ची. पहिला दफ्तरदार इतिहासकार दिओगो दो कौतो. गंमत अशी, की राज्याच्या कागदांची राखण ज्याच्याकडे, त्याच्याच घरातून आजारपणात त्याच्या इतिहासग्रंथाच्या आठव्या-नवव्या दशकाची हस्तलिखिते चोरीला गेली, आणि म्हाताऱ्याला ती आठवून संक्षेपाने पुन्हा लिहावी लागली. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, हे आज संगणकाच्या पहिल्याच धड्यात सांगतात.

डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. आपण नव्या काबिजादीचे लोक झालो. येथील जमीनदारी, देवस्थाने आणि व्यापार यांचे बरेच कागद मराठीत, मोडीतच राहिले. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याच्या कागदपत्रांत पोर्तुगीज आणि फ्रेंचबरोबर मराठीही आहे, ती याच व्यवहाराची साक्ष.

विसाव्या शतकात राखण उलटी फिरली. सालाझारच्या राजवटीत पत्रे फोडली जात, छापील मजकूर तपासनिसाच्या मंजुरीवाचून निघत नसे, आणि लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. प्रजेपासून सरकारला राखायचे, हा त्या पहाऱ्याचा हेतू. त्याला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेपलीकडे आंबोलीच्या रानातून एक नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते पुढे कॅसलरॉकच्या बाजूला हलवून डिसेंबर १९६१ पर्यंत कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून चालवले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या शंभरीत होत्या. या केंद्राचा मजकूर जगजाहीर होता, गुप्त होते ते ठिकाण आणि माणसे. काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे याचा विवेक हीच मुख्य गोष्ट, हे मला त्यांच्या उदाहरणावरून नेहमी वाटत आले आहे.

सांकेतिक शब्दांविषयी दोन कथा सांगतो. पानिपतची वार्ता पुण्याकडे नेणारे सावकारी पत्र ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. माणसांची हानी त्यात मोती, मोहरा आणि चिल्लर नाण्यांच्या भाषेत सांगितली होती. वाचणाऱ्याला मोती कोण हे क्षणात कळले. दुसरी कथा १९६१ ची. पोर्तुगीज लेखनात हा किस्सा सांगितला जातो, की रणगाडाविरोधी दारूगोळ्यासाठी 'चोरीस' हा संकेत वापरून गोव्याने लिस्बनकडे मागणी केली, आणि विमानातून खरोखरीचे चोरीस आले. गोवेकराला चोरीसाची चव ठाऊक असल्याने या किश्श्याला येथे जरा जास्तच हशा मिळतो. किस्सा किती खरा हे बाजूला ठेवा. संकेताची किल्ली दोन्ही टोकांना सारखी असल्याशिवाय संकेत चालत नाही, एवढे त्यातून दिसते. मग ती किल्ली शत्रूच्या हाती न लागता दुसऱ्या टोकाला पोहोचवायची कशी? जासूद पकडला गेला तर किल्लीही गेली. हा प्रश्न हजारो वर्षे सुटला नव्हता.

तो सुटला १९७६ साली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मार्ग दाखवला, पुढल्या वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि अॅडलमन यांनी त्याला व्यवहार्य रूप दिले. मला समजले ते असे. मी माझी उघडी कुलपे गावभर वाटून टाकतो. ज्याला मला निरोप धाडायचा आहे त्याने तो पेटीत घालावा आणि माझे कुलूप लावावे. एकदा लागलेले कुलूप लावणाऱ्यालाही उघडता येत नाही, कारण किल्ली एकच आणि ती माझ्या घरातून कधी बाहेर पडलेलीच नाही. बँकेचा व्यवहार भ्रमणध्वनीवर करताना पडद्यामागे असे काही घडत असते. चौसष्ट कलांत ही कला नव्हती, हे मात्र प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. भूतकाळात सर्व काही होते असे म्हणणारांच्या पंक्तीत मी बसत नाही.

१८ डिसेंबर १९६१ ची पहाट मला आठवते. मी तेव्हा अकरा वर्षांचा, डिचोलीत. पोर्तुगिजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडवला, तो आवाज अजून कानात आहे. शापोरा आणि अस्नोडा येथील पूलही त्याच पहाटे गेले. त्याच दिवशी भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. एका बाजूने वाटा तोडल्या, दुसऱ्या बाजूने वाणी. राज्य पडते तेव्हा आधी त्याचे जाळे तुटते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली सुमारे सहा हजार संगणकांत पसरून त्यांना ठप्प करून गेली, असा तेव्हाचा अंदाज आहे. त्या काळच्या जाळ्याचा तो साधारण दहावा हिस्सा. परवलीचे शब्द ओळखण्यासाठी ती माणसांच्या आळसाचाच फायदा घेई. त्यानंतर ही विद्या स्वतंत्र विषय म्हणून वाढली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ ला, माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला अमलात आला, आणि संगणकीय आपत्तींची दखल घेणारी केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून काम करू लागली. एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशाप्रमाणे घडलेल्या हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी एकशे ऐंशी दिवस जपाव्या लागतात. सुरनिसाचा 'बार' कायद्यात आला म्हणा.

आमच्या मुलांना या अभ्यासाचे आकर्षण का, हेही सांगितले पाहिजे. डिचोलीच्या कित्येक घरांची चूल खाणींवर पेटत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहून गंजले. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ आला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. अशा ठिकाणी विमानाइतकेच संगणकाचे जाळे सांभाळावे लागते, आणि ते सांभाळणारा आपल्या गावचा असावा असे कोणाही पालकाला वाटेल. माझ्या नात्यातील त्या मुलीच्या वडिलांचाही ट्रक होता.

मी तिची वही पाहिली आहे. प्रयोगशाळेत दोन संगणकांमध्ये जाणारा मजकूर तिसऱ्या संगणकावर पकडून वाचण्याचा धडा तिच्यात आहे. सांकेतिक रूप न दिलेला परवलीचा शब्द जसाच्या तसा दिसला, तेव्हा वर्गात शांतता पसरली, असे ती म्हणाली. पुढल्या पानावर तोच मजकूर कुलूपबंद करून पुन्हा पकडला आहे. या वेळी अर्थहीन अक्षरांची रांग. आणखी पुढे, परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात हे करून पाहणे गुन्हा आहे, असे लाल शाईने. शिक्षण चांगले आहे. माझी तक्रार भाषेची आहे. तिला विषय समजला होता, परंतु मराठीत किंवा कोंकणीत तो चार वाक्यांत सांगण्याची सवय तिला कोणी लावली नव्हती. फसवणुकीचा फोन येतो तो मात्र गोड मराठीत, कधी हिंदीत, आणि तो येतो आजीला. बँकेतून बोलतो असे सांगून आलेला आकडा विचारून घेतला की पेन्शन गेली. गणिताने बांधलेले कुलूप तेथे कामाचे नाही, कारण आजीने स्वतःच दार उघडलेले असते. १६६८ च्या बेतातही पासो आतूनच उघडायचा होता.

आता शेवटच्या आणि मला सर्वांत चिंतेच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो. गोव्यात गेल्या काही वर्षांत जमिनी बळकावण्याची जी प्रकरणे उघडकीस आली, त्यांसाठी सरकारने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही बसवला. परदेशी गेलेल्या, वारस नसलेल्या वा विसरलेल्या मालकांच्या जमिनी बनावट दस्तऐवजांच्या आधारे विकल्या गेल्या, असे या प्रकरणांचे स्वरूप आहे. जुन्या काळाची म्हणून दाखवलेली कागदपत्रेही त्यांत आहेत. या कागदांवर घरांचे छप्पर उभे असते. एक पान बदलले की एक कुटुंब रस्त्यावर.

यावर उपाय म्हणून सगळे संगणकावर चढवा, असे सुचवले जाते. ते करावेच. एखाद्या मजकुराचा अंकीय ठसा काढण्याची रीत आता सर्वत्र आहे. केवढाही मोठा दस्तऐवज असो, त्याचा चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो, आणि आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. हुंडीच्या निम्मे-दुपटीची ही परमावधी. परंतु ठसा ज्या दिवशी काढला त्या दिवसापासूनची राखण करतो. त्याच्या आदल्या दिवशी वहीत खोटे पान घुसले असेल, तर संगणक त्या खोट्या पानाचीही तितकीच निष्ठेने राखण करील. म्हणून छायाचित्र घेण्यापूर्वी वही वाचणारा माणूस हवा. शिवणीचा दोरा मधेच बदलला आहे का, शेजारच्या पानावर शाई उमटली आहे का, पानांचे क्रमांक एका हातचे आहेत का, कागदातील जलचिन्ह त्या सालाला जुळते का, सूचीत त्या दस्ताची नोंद आहे का, हे पाहायला पोर्तुगीज यावी लागते, मोडी यावी लागते. जुन्या समाजसंस्थांच्या कागदांसाठी गोयकानडीही. असे वाचक गोव्यात आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. जाळ्याची सुरक्षा शिकणाऱ्या वर्गातून दरवर्षी दोन मुलांनी मोडीचे सहा महिन्यांचे वर्ग केले, किंवा मोडी शिकणाऱ्याने त्या वर्गात जाऊन बसावे, अशी व्यवस्था करणे आपल्या महाविद्यालयांना अशक्य नाही. मी दोन ठिकाणी हे सुचवले आहे. एका ठिकाणाहून उत्तर आले, की अशा जोड-विषयाला गुण कोणत्या रकान्यात द्यायचे हे ठरलेले नाही.

या शाळेच्या कपाटात स्थापनेपासूनची जनरल रजिस्टरे आहेत. जन्मतारीख, वडिलांचे नाव, गाव, शाळा सोडल्याचा दिवस. येथे बसलेल्या अनेकांची पेन्शन, पारपत्रे आणि काहींचे वारसाहक्काचे दावे त्या नोंदींवर उभे आहेत. ती संगणकावर घेण्याचे काम येत्या सुट्टीत सुरू होणार, असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले. त्यापूर्वी दोन माजी विद्यार्थी आणि एक शिक्षक अशा तिघांनी मिळून प्रत्येक वहीची पाने मोजावीत, खाडाखोडीच्या जागा स्वतंत्र वहीत टिपाव्यात, आणि तिघांच्या सह्या व तारीख घालून ती वही दुसऱ्या इमारतीत ठेवावी, अशी माझी संस्थेला विनंती आहे. मोजणीला मी स्वतः येऊन बसायला तयार आहे. दुपारी तीननंतर कोणताही दिवस मला चालेल.